तेरा पायऱ्या आणि तीन फुटांचं दार

आमच्या स्वयंपाकघरात एक कपाट आहे, त्यावरून मी एकोणीस वर्षं टोमणे खातेय. या घरात राहायला आलो तेव्हा ओटा आणि खिडकी यांच्या मधल्या जागेकडे बघून मी म्हटलं होतं, "बसतंय." नवऱ्याने विचारलं, "मोजू का?" मी म्हटलं, "मोजायचं काय त्यात, दिसतंय की." कपाट बसलं. फार छान बसलं. फक्त त्याचं दार खिडकीच्या कठड्याला आपटतं आणि अर्धंच उघडतं. तेव्हापासून आमच्याकडे ताटं तिरपी करून काढतात आणि मी कशाबद्दलही "दिसतंय" म्हटलं की घरात कुणीतरी हळूच कपाटाकडे बघतं.

नवरा सुतार आहे. चारचौघांत मी त्यांना सुतारसाहेब म्हणते, कारण टेप हातात आली की त्यांच्या अंगात साहेब येतो. मी पॉलिश करते. कुणी शिकवलं नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका खुर्चीवर त्यांनी जे काही फासलं होतं ते मला बघवेना, म्हणून फडकं हातात घेतलं, ते अजून खाली ठेवलेलं नाही.

ही गोष्ट गोल जिन्याची आहे. एका छोट्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी तो बनवायला सांगितला होता. खाली पुस्तकं, वर मुलांसाठी माळा, आणि माळ्यावर जायला लाकडी गोल जिना. मधे एक खांब, त्याच्याभोवती फिरत जाणाऱ्या तेरा पायऱ्या. कठडा तिथे गेल्यावर बसवायचा होता. शनिवारी वाचनालय उघडणार होतं.

सुतारसाहेबांनी या जिन्यात जीव ओतला. एक खिळा नाही, एक बोल्ट नाही. नुसती खाच, खुंटी आणि सरस. मनगट दुखतंय म्हणून गेली दोन वर्षं हात झाडत बसणारा माणूस सव्वा महिना मनगटाचं नाव काढेना. मला म्हणाले नाहीत, पण कळत होतं: असा पुन्हा होणार नाही हे त्यांनी मनाशी धरलं होतं. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, एकदा सहज जिन्याला टेकले तर यांनी असं बघितलं की ते बिचारे सरळ उभे राहिले आणि मग सगळा वेळ उभेच राहिले.

मंगळवारी ग्रंथपाल बाई जिना बघायला आल्या. दोन्ही बाजूंनी फिरल्या, एका पायरीवरून हात फिरवला, आणि लहान मुलीसारखं हसून म्हणाल्या, "पण हा बाहेर कुठून काढणार?"

सुतारसाहेब रंधा पुसत होते. मान वर न करता त्यांनी हात केला. "तिथून."

आम्ही सगळ्यांनी तिकडे बघितलं. तिकडे भिंत होती. भिंतीवर कॅलेंडर होतं. ते यांनीच लावलं होतं.

झालं होतं असं की गेल्या वर्षी दोघा भावांनी कारखाना वाटून घेतला. भांडण नाही, तंटा नाही. भाऊजींना गाद्यांचा धंदा वाढवायचा होता, जागा हवी होती. मधे भिंत घातली. मोठं शटर त्यांच्या अर्ध्यात गेलं आणि आमच्याकडे मागचं तीन फुटी दार राहिलं. वर्षभर खुर्च्या, टेबलं, देव्हाऱ्याएवढाली कपाटं त्या दारातून निमूट गेली. पण पंचवीस वर्षं सुतारसाहेब मोठं काम त्या एकाच जागी उभं करायचे, आणि पूर्ण झालं की शटर वर करून बाहेर ढकलायचे. त्यांच्या डोक्यातलं शटर कुणी बंद केलंच नव्हतं. मलाही दोष आहेच. सव्वा महिना मी त्या भिंतीला पाठ लावून चहा प्यायले.

"भिंत पाडू," भाऊजी म्हणाले. मग स्वतःच नको म्हणाले. भिंतीच्या पलीकडे त्यांचं कापूस पिंजायचं यंत्र सिमेंटमध्ये पक्कं केलेलं होतं. दार मोठं करावं तर दोन्ही बाजूंना इमारतीचे खांब. वर लोक राहतात. राहता राहिला जिना.

सुतारसाहेबांनी टेप काढली. दार तीन फूट. जिन्याची रुंदी, पायरीच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत, साडेचार फूट. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं, जणू टेपला दया येईल. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी मधल्या खांबावर, सातव्या पायरीच्या खाली, गोल रेघ ओढली.

"इथून कापायचा. तिकडे लोखंडी पट्टी मारून जोडायचा."

"चालेल का तसा?" बाईंनी विचारलं.

"चालेल," हे म्हणाले. "कुरकुरेल."

त्या दिवशी जेवायच्या वेळी ते कपाटाशी गेले. ताट सरळ काढायला गेले आणि कपाटाच्या दाराला आपटलं.

गुरुवारी दुपारी मी जिन्यावर शेवटचा हात मारायला बसले. "उद्या कापायचाय तो, कशाला?" हे म्हणाले. मी म्हटलं, "कापायचा असला तरी चकचकीत कापा." ते आतल्या बाजूला करवतीला धार लावत बसले. तो आवाज मला आवडत नव्हता, म्हणून मी जिना दाराजवळ सरकवला.

जिना आडवा होता. पॉलिश करायला तो असाच ठेवतो: खांबाची दोन टोकं दोन घोड्यांवर, म्हणजे कमरेएवढ्या उंचीच्या लाकडी स्टँडवर, खाचेत टेकवलेली. खांब खाचेत फिरतो, त्यामुळे मी एका जागी बसून हाताने जिना फिरवत जाते आणि एकेक पायरी समोर येत राहते. घोड्यांना चाकं आहेत. ती यांनीच बसवली, खूप वर्षांपूर्वी, कारण ऊन सरकलं की मला उजेडामागे सरकावं लागायचं आणि हाक मारली की हे "येतो" म्हणायचे. येत नसत, पण चाकं लावून दिली.

तर मी माझ्या बुटक्या स्टुलावर, जिन्याच्या डाव्या अंगाला. समोर उघडं दार, दारात ऊन. उन्हाकडे बघत जिना फिरवला की पायऱ्या काळ्या दिसतात, नुसते आकार. मी फडकं लावलं, जिना माझ्याकडे ओढला, पुढची पायरी वर आली. ओढला, पुढची आली.

आणि जिना चालायला लागला.

मी हात काढला. जिना थांबला. तो जागचा तसूभर हलला नव्हता; घोड्यांच्या चाकांखाली मीच पाचर लावली होती. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. पायऱ्या फिरत नव्हत्या, दाराकडे जात होत्या. एक उभी राहायची, चौकटीच्या मधोमध, आणि पुढे सरकून दिसेनाशी व्हायची. मागून दुसरी उभी राहायची. रांगेतली माणसं एकेक करून बाहेर पडावीत तशी. उलट फिरवला तर बाहेरून आत यायला लागल्या. मी फडकं खाली ठेवलं. पुन्हा सुलट फिरवला, या वेळी पायऱ्यांकडे न बघता चौकटीकडे बघत. दाराच्या जाडीत एका वेळी एक पायरी असायची, फार तर दोन. आणि त्या दोन्ही वर तोंड करून. साडेचार फूट कुठे होतेच? साडेचार फूट पुढेही होते, मागेही होते. दारात नव्हते.

"अहो," मी म्हटलं.

"येतो."

"आत्ता या."

माझ्या आवाजात काहीतरी असणार, कारण ते खरंच आले. करवत हातातच होती.

"हा जाईल."

"काय जाईल?"

"जिना. दारातून. फिरवत फिरवत ढकलला तर. स्क्रू जातो तसा. मला दिसला जाताना."

त्यांनी करवत खाली टेकवली. मग अगदी शांतपणे म्हणाले, "कपाट."

"कपाटाचं सोडा. इथे बसा."

"अगं, दिसला म्हणजे काय? तो गेलाय का? जे झालंच नाही ते दिसेल कसं? डोळ्याला असतं ते दिसतं. होईल ते दिसत नाही."

"मग जिना बनवायच्या आधी तुम्हाला फळीत काय दिसतं?"

"फळी."

"खोटं बोलू नका."

ते बसले. बुटक्या स्टुलावर गुडघे हनुवटीला लागले त्यांचे. मी पलीकडून जिना फिरवला. एक वेळा, दोन वेळा.

"दिसलं?"

"जिना फिरताना दिसतोय."

"दाराकडे बघा. त्या जिन्याला मोजू नका जरा वेळ."

"मोजत नाहीये."

"ओठ हलताहेत तुमचे."

त्यांनी ओठ मिटले. मी फिरवत राहिले. बाहेर ऊन लख्ख होतं. मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि मी जिन्याकडे न बघता त्याच्याचकडे बघत होते. त्यांना कधी दिसलं ते मला नेमकं कळलं. त्यांची मान थोडी पुढे आली, एखाद्याला निरोप देताना येते तशी.

"भास आहे," ते म्हणाले. पण हळू म्हणाले.

"भासच आहे. पण तो सांगतोय ते खरं असेल तर?"

"आणि नसेल तर? मधेच अडकला, चौकटीत पिळला गेला, तर सांधा उखडेल. करवतीने निदान सरळ तरी कापला जाईल." ते उठले. खांबावरच्या पेन्सिलच्या रेघेवरून त्यांनी अंगठा फिरवला. "हा माझा शेवटचा आहे गं."

पहिल्यांदाच बोलले ते. माझ्याकडे टेप नव्हती, आकडा नव्हता, होतं ते एवढंच की मला दिसलं होतं. आणि मला दिसलेल्या गोष्टींचा पुरावा आमच्या स्वयंपाकघरात उभा होता.

"दहाला टेम्पो येईल," मी म्हटलं. "साडेआठला सुरुवात करू. एक जरी पायरी घासली, तरी मी स्वतः करवत आणून देते."

त्यांनी दाराच्या बिजागरीवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "बिजागऱ्या काढून दार उतरवावं लागेल. तेवढीच दोन बोटं जागा मिळेल."

शुक्रवारी सकाळी भाऊजी गाद्यांच्या चिंध्या आणि कापसाचे तुकडे घेऊन आले आणि त्यांनी चौकटीला सगळीकडून मऊ केलं. टेम्पोवाला साडेआठलाच हजर झाला, दीड तास लवकर येऊन चहा मिळतो हे त्याला ठाऊक होतं. दार उतरवून भिंतीला टेकवलं. बाहेरच्या पायरीवर फळी टाकली, घोडीची चाकं उतरायला.

"वहिनी, नक्की ना?" भाऊजींनी विचारलं.

"नक्की नाही," मी म्हटलं. "दिसलंय."

"म्हणजे कपाटासारखं."

"भाऊजी, तुम्ही बाहेर उभे राहा."

ते बाहेर, पुढच्या घोडीपाशी. सुतारसाहेब मागच्या घोडीपाशी, ढकलायला. टेम्पोवाला मधे, हात द्यायला. मी उजव्या अंगाला उभी राहिले, कारण डावीकडे काढलेलं दार टेकवलं होतं आणि त्याच्यापुढे जेमतेम स्टुलाएवढी जागा उरली होती.

"माझ्याकडे फिरवायचं," मी सांगितलं. "एक पायरी फिरली की एक पायरी पुढे."

पुढची घोडी फळीवरून उतरली. खांबाचं टोक बाहेर गेलं. पहिली पायरी चौकटीत उभी राहिली, कापसाला न शिवता पलीकडे गेली. टेम्पोवाला म्हणाला, "अरे वा." मी जिना माझ्याकडे ओढला. हे ढकलत होते. दुसरी पायरी आडवी आली आणि ठप्प करून चौकटीवर बसली.

"थांबा," सुतारसाहेब म्हणाले.

कुणी हललं नाही. लाकूड बारीक करकरलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. त्यांच्या हातांकडे बघितलं. ते हात घोडीवरून निघून भिंतीवरच्या करवतीकडे वळत होते.

"एक मिनिट," मी म्हटलं.

"अगं, घासली. तूच म्हणालीस—"

"एक मिनिट द्या मला."

मी जिन्याखालून वाकून डाव्या अंगाला गेले, स्टूल ओढलं आणि बसले.

"बाई बसल्या," टेम्पोवाला भाऊजींना म्हणाला.

मी कालच्याच जागी होते. दार समोर, ऊन समोर. "मागे घ्या वीतभर," मी सांगितलं. हे मागे आले, पायरी सुटली. मी जिना माझ्याकडे ओढला. आणि पायऱ्या निघाल्या, काल निघाल्या होत्या तशा. मला हसूच फुटलं. काल मी इथे बसून माझ्याकडे ओढत होते, आज पलीकडे उभी राहून माझ्याकडे ओढत होते. सगळा जिना मी उलटा फिरवत होते. बाहेर पडणाऱ्या माणसांना मी बाहेरून आत ओढत होते.

"अहो, माझी बाजू चुकली. जिना नाही चुकला. ढकला आता."

"बघ हं."

"बघतेच आहे. त्यासाठीच बसलेय."

दुसरी पायरी उभी राहिली. गेली. तिसरी. टेम्पोवाला माझ्या समोर येऊन पायऱ्या माझ्याकडे लोटायला लागला, मी ओढायला लागले, आणि मागून चाकं करकरत पुढे आली. चौथी गेली तेव्हा बाहेरून भाऊजी ओरडले, "वहिनी, इकडे उगवतोय हो." पाचवी. आता बाहेर गेलेल्या पायऱ्या बाहेर मोकळ्या फिरत होत्या, खाली, आडव्या, पुन्हा वर. आतल्या पायऱ्या आत फिरत होत्या. आणि दारात मात्र प्रत्येक पायरी शहाण्यासारखी उभी राहून जात होती. सहावी. मला ओढायची गरजच वाटेना, हाताला तो जिना आपणहून चालल्यासारखा लागत होता. सातवी चौकटीत आली आणि तिच्याखालची पेन्सिलची रेघ उंबऱ्यावर आली. सुतारसाहेब तिथे थांबले. अर्धा जिना आत, अर्धा बाहेर, आणि दार बरोबर तिथे, जिथून ते त्याला कापणार होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "दिसतंय."

मग त्यांनी असा जोर लावला की मला "हळू" म्हणावं लागलं. आठ, नऊ, दहा. भाऊजी बाहेर मोठ्याने आकडे म्हणत होते आणि समोरच्या दुकानातली दोन माणसं येऊन त्यांच्यासोबत म्हणायला लागली होती. अकरा. बारावीला मागची घोडी दारात आली, एक चाक फळीवरून घसरलं, टेम्पोवाल्याने ते पायाने सावरलं. तेरा. आणि खोली एकदम रिकामी झाली. दारात नुसतं ऊन राहिलं. कापसाचा एक तुकडा चौकटीवरून सुटून जमिनीवर पडला, तेवढंच नुकसान.

मी स्टुलावरून उठले नाही. सुतारसाहेब रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे होते आणि उजवा हात हवेत हळूहळू फिरवत होते, फिरवत पुढे नेत होते. मग माझं लक्ष आहे हे त्यांना कळलं आणि त्यांनी त्याच हाताने डोकं खाजवलं.

वाचनालयाचं दार दोन झडपांचं होतं, पाच फुटी, तिथे काही प्रश्नच आला नाही. दुपारी जिना उभा राहिला. ग्रंथपाल बाई पहिल्या पायरीपासून तेराव्यापर्यंत चढल्या आणि उतरल्या. एकही पायरी कुरकुरली नाही. खाली आल्यावर त्यांनी खांबावरच्या रेघेला बोट लावलं. "हे पुसायचं राहिलंय का?"

मी फडकं काढत होते. सुतारसाहेबांनी माझा हात धरला. "राहू दे," ते म्हणाले.

संध्याकाळी घरी आलो. मी भाजी चिरत होते. हे स्वयंपाकघरात आले, कारखान्यातून येताना माझं बुटकं स्टूल उचलून आणलं होतं, ते कपाटासमोर ठेवून बसले.

"काय बघताय?"

"काही नाही."

चहा झाला. तरी बसलेले. कपाटाचं दार उघडायचे, ते कठड्याला आपटायचं, मिटायचे. मी म्हटलं, "फिरवून काढायचा विचार असेल तर सांगते, ते नाही निघत. ते मी पाहिलंय."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि कपाटाच्या उजव्या बाजूला तीन बारीक टिंबं केली.

"अगं," ते म्हणाले, "बिजागऱ्या डावीकडून काढून इकडे लावल्या, तर दार ओट्याकडे उघडेल. ओट्याकडे जागा आहे."

मी सुरी खाली ठेवली. नवरा पंचवीस वर्षांहून जास्त सुतारकाम करतोय. लोकांच्या घरची शेकडो दारं त्याने या बाजूवरून काढून त्या बाजूला लावलीत. पाऊण तासाचं काम. आणि एकोणीस वर्षं त्या दाराकडे आम्हां दोघांनाही बघता आलं नव्हतं, कारण आमच्या घरात ते कपाट नव्हतंच. ते माझ्या चुकीचा पुरावा म्हणून उभं होतं, आणि पुराव्याच्या बिजागऱ्या कोण बघतं.

"मोजलंत?" मी विचारलं.

"नाही अजून," ते म्हणाले, आणि टेप शोधायला खिसे चाचपायला लागले.

मी ओट्यावरची बरणी बाजूला सरकवली, दाराला जागा करून दिली.